अट काय आहे, तेवढं विचारा

एखादी धार्मिक संस्था वस्तीतल्या मुलांना शिकवतेय असं कळलं की आपल्या पुण्यात पहिला प्रश्न येतो, "कोणाची आहे ही संस्था?" चर्चची आहे म्हटलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, मठाची किंवा मंदिर ट्रस्टची म्हटलं की दुसऱ्या काहींच्या पडतात, मशिदीशी जोडलेली असेल तर आवाजच बदलतो, आणि मग पुढचा अर्धा तास बोलणं देवाधर्मावर चालतं, त्या पोरांपर्यंत येतच नाही. फी भरली का, आठवीनंतर काय करणार, आई कामाला गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळतं, यातलं काहीच कोणी विचारत नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. मी स्वतः देवपूजा असलेल्या घरातली आहे, आणि हडपसरच्या बाजूला एका वस्तीत प्रार्थनास्थळाला लागून असलेल्या हॉलमध्ये अभ्यासिका चालते तिथे मी गणित शिकवायला जाते, ते प्रार्थनास्थळ माझ्या धर्माचं नाही, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. म्हणून एकदा नीट लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे की संस्था कोणत्या देवाची आहे ते विचारायला हरकत नाही, पण त्यावरून निकाल देऊ नका. निकाल द्यायचा तर त्या मदतीला अट काय लावलीये त्यावरून द्या. मुलाला वही, जेवण, शिकवणी, फी मिळते ती कशाच्या बदल्यात मिळते? कशाच्याच नाही असं उत्तर असेल तर संस्था कोणाचीही असो, माझा तिला पाठिंबा आहे. आणि बदल्यात काही मागत असतील, मग ते प्रार्थनेला बसणं असो, स्तोत्र पाठ करणं असो, जातीचा दाखला असो की वार्षिक कार्यक्रमात देणगीदारांसमोर हात जोडून उभं राहणं असो, तर तिथे आपण बोललंच पाहिजे, आणि संस्था आपल्याच धर्माची असेल तर जास्त मोठ्याने बोललं पाहिजे कारण तिथे आपलं ऐकलं जातं.

हे भांडण पुण्याला नवीन नाहीये. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. विधवांसाठी राहायची जागा आणि शिक्षण, आणि त्यातल्या कित्येक तर अजून लहान मुलीच होत्या. रमाबाई स्वतः १८८३मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या, पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनकडून यायचा, पण सदनात कुठल्याही धर्माचा प्रचार करायचा नाही असं ठरलेलं होतं, आणि सल्लागारांमध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. तो काळ कसा होता तर १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक यांच्यासकट गावातल्या मोठमोठ्या लोकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. मिशनचा एक कप चहा पचत नव्हता त्या गावात या बाईंनी ब्राह्मण विधवा मुली आपल्याकडे ठेवून घेतल्या होत्या. १८९३मध्ये व्हायचं ते झालं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात अशी बातमी फुटली, केसरीने झोड उठवली, सल्लागार मंडळ राजीनामे देऊन मोकळं झालं आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, मी कोणाला बोलवत नाही. मला हे वाचताना नेहमी दोन्हीकडून ओढ लागते. रमाबाईंच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही, पण ज्या मुलीचं जेवण, छप्पर, पुस्तक सगळं एकाच बाईकडून येतंय तिच्यासाठी ते उघडं दार खरोखर नुसतं उघडं दार असतं का? बारा-तेरा वर्षांची पोर, घरच्यांनी टाकलेली, जिने आपल्याला माणसात आणलं तिच्या मागे जाऊन बसावंसं तिला वाटणारच. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण मग त्यांनी ज्या मुली काढून नेल्या त्यांचं पुढे काय केलं? त्या परत त्याच घरी, त्याच माजघरात गेल्या. धर्म वाचला, मुलीचं शिक्षण गेलं. टीकाकारांपैकी किती जणांनी दुसरं घर उभं केलं?

दुसरं घर एकाने उभं केलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्येच शारदा सदनातल्या विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, लग्न केलं आणि १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. मला या सगळ्या प्रकरणात कर्व्यांची रीत सगळ्यात पटते. समोरची मदत तुम्हाला खटकते ना, मग तिच्या तोडीची मदत उभी करा. आणि रमाबाई तरी कुठे थांबल्या, १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला मुक्ती सदनात ठेवल्या, आता उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून, आणि ते काम दौंड तालुक्यात आजही चालू आहे. त्या मुली उपाशी मरत होत्या. त्यांना कोणी उचललं याचा हिशोब मांडताना आपण जरा नम्र असायला हवं असं मला वाटतं.

जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले हेही आपण सोयीने विसरतो. मिशनरी शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत, उलट तिथून जे मिळालं ते १८४८मध्ये भिडे वाड्यात मुलींपुढे ठेवलं, आणि १८७७च्या दुष्काळात धनकवडीला सत्यशोधकांनी बालाश्रम काढून मुलांना जेवू घातलं. शिक्षण एकदा पोराच्या डोक्यात गेलं की ते कोणाच्या ताब्यात राहत नाही, ते पोरगं त्याचं काय करेल हे देणाऱ्याला ठरवता येत नाही. म्हणून मला धार्मिक संस्थेच्या शिकवण्याची तेवढी भीती वाटत नाही जेवढी तिच्या अटीची वाटते.

आणि अट म्हणजे दरवेळी धर्मांतरच असतं असं नाही हां. पेठांमध्ये वार लावून जेवायची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं सात घरी जेवून पोरं शिकली, वकील-प्राध्यापक झाली. ती सोय ज्यांनी केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. १९०९मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह, ते अशाच गरीब मुलांसाठी. पण ते वाराचं पान मुख्यतः आपल्या जातीच्या मुलासाठी मांडलेलं असायचं. त्याच गावातल्या महार-मांग पोराला त्या ओट्यावर पायसुद्धा ठेवता येत नव्हता. ही अट कुठल्याच फॉर्मवर लिहिलेली नव्हती तरी सगळ्यात कडक होती. विठ्ठल रामजी शिंद्यांना १९०६मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढावं लागलं ते त्यामुळेच. शिंदे प्रार्थना समाजाचे, म्हणजे तेही धर्माचंच माणूस, आणि त्यांना देवाचं नाव घेऊनच हे करावंसं वाटलं. तेव्हा धर्माच्या प्रेरणेने काम केलं म्हणजे ते काम संशयास्पद, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याचा इतिहास एकदा वाचावा.

आता आजचं बोलते. संस्था अट लावते की नाही हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? माहितीपत्रकात सगळेच "जात-धर्म न पाहता" असं छापतात. मी एक गोष्ट बघते, खाऊ कधी वाटतात. आमच्या अभ्यासिकेत सहा वाजता पोरं येतात, सतरंज्या टाकतात, दोन पंखे आहेत त्यातला एकच चालतो म्हणून त्याच्याखाली जागा पकडायला पळापळ होते, नववीची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊनच बीजगणित करते, तो तिच्या पेनाला लोंबकळत असतो. सातच्या सुमाराला अभ्यास संपतो आणि लगेच खाऊ वाटतात, चिक्की नाहीतर केळं, कधी उपमा. ज्यांना घरी जायचं ते खाऊ घेऊन निघतात. त्यानंतर हॉलमध्ये प्रार्थना असते, वस्तीतले ज्यांची श्रद्धा आहे ते मोठे लोक येतात, त्यांची मुलं थांबतात. सुरुवातीला खाऊ प्रार्थनेनंतर वाटायचे असं तिथल्या एका ताईंनी सांगितलं, मग त्यांच्याच लक्षात आलं की पोरं केळ्यासाठी थांबतायत आणि त्यांनी क्रम बदलला. कोणी तक्रार केली नव्हती, कायदा दाखवला नव्हता. मला त्या ताईंबद्दल फार आदर आहे. त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा कितीतरी पक्की आहे आणि म्हणूनच, त्या म्हणतात, केळ्याच्या मोबदल्यात प्रार्थना त्यांना देवापुढे ठेवायची लाज वाटली.

हीच गोष्ट आपल्या सगळ्यांकडे लावून बघा. मंडळाच्या मांडवात वह्या वाटतात त्या आरतीआधी की आरतीनंतर? शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर गुरूचं नाव विचारलंय का? जकातीचे पैसे मुलाच्या फीसाठी देताना तो मदरशात येतो का हे बघतात का? वसतिगृहात सकाळच्या उपासनेला न आलेल्या मुलाचं नाव फळ्यावर लिहितात का? उत्तरं बऱ्याच ठिकाणी चांगली मिळतील, काही ठिकाणी मिळणार नाहीत.

राज्यघटनेच्या कलम २८मध्ये हे स्पष्ट लिहिलंय, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. कायदा इथे थांबतो आणि मला वाटतं संस्थांनी त्याच्या पुढे जायला हवं. कारण धुणीभांडी करणाऱ्या एकट्या आईपुढे तुम्ही फीचा चेक आणि संमतीपत्र एकाच टेबलावर ठेवलंत तर ती सही करणारच, ती कशावर सही करतेय हे वाचणारसुद्धा नाही. तिला खरंच विचारायचं असेल तर फी आधी भरून टाका, पावती तिच्या हातात द्या, आणि मग दोन महिन्यांनी विचारा.

इथे मला लोक विचारतात की मग श्रद्धाळू माणूस पैसे कशाला देईल? त्याला आपला धर्म सांगायचाय म्हणूनच तो देतो ना? मला हे पटत नाही. दशांश देणारा ख्रिस्ती, अडीच टक्के जकात काढणारा मुसलमान, दसवंध देणारा शीख, नवस फेडायला अन्नदान करणारा आपल्यातला माणूस, हे सगळे बहुतेक वेळा देवाचं देणं म्हणून देतात, समोरच्याने काय करावं ही मागणी त्यात नसते. मागणी येते ती मध्ये बसलेल्या व्यवस्थेकडून, जिला वर्षअखेर आकडे दाखवायचे असतात. मोठ्या माणसाने धर्म बदलावा की नाही, कोणाच्या सत्संगाला जावं, तो त्याचा हक्क आहे आणि त्यात मी पडत नाही. पण नऊ वर्षांच्या पोराला नाही म्हणता येत नाही. सगळा फरक तिथे आहे.

बरं, धार्मिक संस्था नकोतच, सगळं कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या पैशातून, करू, असंही म्हणणारे आहेत, पुण्यात तर आयटी आणि वाहन कंपन्यांमुळे हा पैसा दिसतोही भरपूर. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो, चांगलंच आहे. पण त्या नियमांमध्ये चालू प्रकल्पाची मुदत बघा, सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. पोरगं पहिलीपासून दहावी पूर्ण करायला दहा वर्षं लागतात. मध्येच कंपनीचं धोरण बदललं, मॅनेजर बदलला, की शिकवणीताईंचा पगार बंद. दर रविवारी, दर शुक्रवारी, दर चतुर्थीला जिथे माणसं जमतात आणि पेटीत पैसे टाकतात तिथे रक्कम छोटी असते पण ती थांबत नाही, आणि मुख्य म्हणजे ती माणसं त्याच वस्तीत राहतात, पोरगं शाळेत गेलं नाही तर संध्याकाळी नळावर कोणाला तरी कळतं. ही चिकाटी मला दुसरीकडे क्वचित दिसली.

भारतीय जैन संघटनेचं उदाहरण पुणेकरांना माहीत असेल. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर लातूर-उस्मानाबाद भागातली सुमारे १२०० मुलं त्यांनी शिक्षणासाठी पुण्यात आणली, पुढे वाघोलीला त्यासाठी मोठं केंद्र झालं. ती मुलं काही जैन समाजाची म्हणून निवडली नव्हती, भूकंपाने उघड्यावर पडलेली खेड्यातली मुलं होती. एका समाजाच्या नावाने चालणाऱ्या संघटनेने दुसऱ्यांची पोरं वर्षानुवर्षं सांभाळून शिकवली. किल्लारीला तेव्हा तात्पुरती मदत पुष्कळ लोकांनी नेली, पण मुलं मोठी होईपर्यंत धरून ठेवायची तयारी फार थोड्यांची होती.

आता जिथे माझी धार्मिक संस्थांवर, सगळ्याच, खरी तक्रार आहे ते सांगते. मदत चुकीच्या वर्षांत जाते. पहिली ते पाचवीच्या पोरांना वह्या, दप्तरं, रंगपेट्या द्यायला झुंबड असते, लहान मुलं गोड दिसतात, फोटो चांगले येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षं शिक्षण मोफत आहे, सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. मग नववीत शाळा बदलायची, ती लांब असते, बसचा पास, नवा गणवेश, पुस्तकं विकत, क्लास लावला तर त्याची फी. आणि नेमक्या याच वयात, चौदा पूर्ण झाली की, २०१६च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्याप्रमाणे धोकादायक कामं सोडून बाकी कामावर त्याला ठेवता येतं. म्हणजे ज्या वाढदिवसाला मोफत शिक्षणाचा हक्क संपतो त्याच वाढदिवसाला गॅरेजचं, मंडपाचं, केटरिंगचं काम कायदेशीर होतं. मी बघितलंय, हुशार पोरगा, अपूर्णांक तोंडी सोडवणारा, नववीच्या दिवाळीत लग्नाच्या हंगामाला केटरिंगवाल्याकडे ताटं उचलायला गेला, रोज हातात पैसे यायला लागले, आईचं भाडं भागलं, परत आलाच नाही. मुलींचं तर नववी-दहावीत स्थळं बघणं सुरू होतं, शाळा लांब असेल तर घरच्यांना कारण आयतंच मिळतं.

इथे पैसा टाका ना. पहिलीतल्या दोनशे मुलांना दोन-दोन वह्या देण्यापेक्षा नववीतल्या वीस मुलांचा पास, पुस्तकं आणि संध्याकाळचं जेवण दहावीच्या पेपरापर्यंत चालवा. आणि जूनमध्ये मांडव घालून संपवू नका, शाळा सुटते ती दिवाळीनंतर, ऊसतोडीला आईबाप निघतात तेव्हा, बांधकामाची साइट वाघोलीवरून हिंजवडीला हलते तेव्हा, वडील आजारी पडतात तेव्हा. जूनमधली वही तोवर भरलेलीसुद्धा नसते.

दुसरं, सरकारी योजना आहेत पण त्या माणसापर्यंत पोचवायला माणूस लागतो, आणि वस्तीत हे काम धार्मिक संस्थाच सगळ्यात चांगलं करू शकतात असं माझं ठाम मत झालंय. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आईवडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या, सांभाळ होत नसलेल्या मुलाला घरातच राहून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० रुपयांची प्रायोजकत्वाची सोय आहे. किती लोकांना माहितीये? आमच्याकडे एक आजी आहेत, मुलगा गेला, सून दुसरं लग्न करून गेली, नातू आजीकडे. आजींकडे सगळे कागद रेशनच्या पिशवीत, नीट घडी घालून, वर रबर लावलेलं. मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव बाळू, आधारवर बाळासाहेब. झालं, अर्ज अडला. हे दोन्ही एकच म्हणून प्रतिज्ञापत्र करा, उत्पन्नाचा दाखला काढा, शाळेचं बोनाफाईड आणा, नातवाच्या नावाचं बँक खातं उघडा, त्यासाठी त्याचं आधार अपडेट करा, त्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून परत या. आजी दुसऱ्याच दिवशी "राहू दे बाई" म्हणाल्या. त्या खाऊवाल्या ताईच त्यांना घेऊन तहसील कचेरी, शाळा, बँक अशा फेऱ्या मारत राहिल्या, कामाच्या दिवशी, उन्हात, रिक्षाचे पैसे संस्थेच्या पेटीतले. आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि ताई गळ्यात क्रॉस घालतात, त्या सगळ्या आठवड्यांत धर्माचा विषय दोघींमध्ये कधी निघाल्याचं मला आठवत नाही. कचेरीच्या बाकावर बसून त्या दोघी आजींच्या गुडघ्यांबद्दल बोलत असायच्या.

हे काम कोणत्याही अहवालात छान दिसत नाही. एका मुलामागे किती फेऱ्या झाल्या याचा फोटो निघत नाही. पण याने मूल घरात राहतं, आजीजवळ राहतं, आणि बाल न्याय कायदा २०१५ पण हेच सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आपल्या भक्तांना मात्र इमारत बांधायला फार आवडतं. अनाथाश्रमाची कोनशिला, देणगीदारांच्या नावाच्या पाट्या, मग त्या खोल्या भरायला मुलं शोधायची, आणि मिळतात ती बहुतेक वेळा अनाथ नसतातच, गरीब असतात, आई जिवंत असते. त्या आईला महिन्याला थोडा आधार दिला असता तर मूल तिच्याचजवळ राहिलं असतं.

जिथे खरंच ठेवावं लागतं तिथे मात्र नोंदणीशिवाय एक दिवससुद्धा नको, आणि यात मी कोणालाच सूट द्यायला तयार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ४१ सांगतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं जी संस्था ठेवते तिने नोंदणी केलीच पाहिजे, सरकारी पैसा घेत असो वा नसो, आणि न केल्यास कलम ४२मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड आहे. मिशनच्या होस्टेलची नोंदणी तपासा म्हणून मोर्चे निघतात, निघू देत, तपासाच. पण आळंदीत वारकरी शिक्षणाच्या नावाने चालणाऱ्या काही खासगी वसतिगृहांबद्दल मागच्या काही वर्षांत ज्या तक्रारी आल्या, गुन्हे दाखल झाले, तेव्हा तेच लोक गप्प का होते? जोग महाराजांनी १९१७मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती केवढ्या निष्ठेने, त्या परंपरेचं नाव घेऊन कोणी दहा-दहा पोरं एका खोलीत कोंबत असेल, मुलांच्या अंगाला हात लावत असेल, तर सगळ्यात आधी माळकऱ्यांनी उठायला हवं. मदरसा असो, गुरुकुल असो, कॉन्व्हेंट असो, पोराला रात्री भीती वाटली तर ते कोणाला सांगू शकतं, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर भिंतीवर लिहिलाय का, बाहेरचं माणूस न कळवता येऊन मुलांशी एकट्याने बोलू शकतं का, हे विचारल्यावर जो ट्रस्टी धर्मावर हल्ला झाला म्हणून ओरडतो त्याच्याकडे मूल ठेवू नये.

आणि ते फोटो. कृपा करून बंद करा. वही हातात, शेजारी शाल घेतलेले पाहुणे, मुलाचं नाव, शाळा, "वडील व्यसनी, आई मोलकरीण" अशी ओळ खाली. ते पोरगं पाच वर्षांनी कॉलेजात जाईल तेव्हा तो फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलच.

परदेशी पैशाचं पण लोक काढतात म्हणून एवढंच, परदेशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते, ती सगळी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतूनच यावी लागते, २०२०पासून प्रशासनावर वीस टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही, दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. इथल्या ट्रस्टना धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण केलेले हिशोब द्यावे लागतात. शंका असेल तर ते मागा, वाचा, त्यात शिक्षणावर किती आणि इमारतीवर किती ते बघा. ऐकीव गोष्टींवर एखादीचं काम बंद पाडणं सोपं आहे, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता ती चाळीस पोरं कुठे बसणार याची जबाबदारी बंद पाडणाऱ्यांपैकी कोणी घेतलेली मी अजून पाहिलेली नाही. १८९३ला पण हेच झालं होतं.

ज्यांना खरंच धार्मिक संस्थांच्या हातात मुलं जाऊ नयेत असं वाटतं त्यांनी आपल्या सोसायटीचा क्लब हाउस संध्याकाळी दोन तास उघडावा. पुण्यात किती सोसायट्यांच्या भिंतीला लागून वस्ती आहे, पर्वती पायथ्याला, येरवड्यात, अप्पर इंदिरानगरला, बघून या. कामवाल्या मावशींची नववीतली मुलगी तिथे बसून अभ्यास करू शकते, पंखा आहे, लाइट आहे, पाणी आहे. आणि ज्यांना एवढं जमत नाही पण आठवड्यातला एखादा मधला दिवस सकाळी मोकळा असतो, निवृत्त बँकवाले, शिक्षक, घरून काम करणारे, त्यांनी जवळ जी संस्था असेल तिथे जाऊन कोणाबरोबर कचेरीत जायचंय का एवढं विचारावं. पैशापेक्षा तिथे फॉर्म नीट भरणारी आणि रांगेत उभी राहणारी माणसं कमी आहेत. दाखल्यांची खरी गर्दी जून-जुलैत होते, त्याच्या आधी गेलात तर एका दिवसात दोन मुलांचं काम होतं.